वाचनविमुखता आणि ‘योग्य’ पुस्तकाचा प्रश्न

‘मुले वाचत नाहीत’ हे विधान मराठी वाङ्मयीन चर्चेत इतक्या वेळा केले जाते, की ते विधान आहे की आरोप, याचा विचार सहसा होत नाही. वरकरणी ते वस्तुस्थितीचे वर्णन वाटते. पण त्याचा स्वर नैतिक असतो. न वाचणारा मुलगा आळशी, चंचल किंवा संस्कारहीन आहे असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि मग त्याच्यासाठी ‘योग्य पुस्तक’ शोधणे म्हणजे त्याच्या उणिवेवर उपचार करणे ठरते. येथे तपासावयाचा आहे तो हा गृहीतकृत्याचा भाग. वाचनविमुखता हा वाचकाचा दोष आहे, की वाचक आणि संहिता यांच्यातील बिघडलेल्या संबंधाचे ते नाव आहे?

या प्रश्नाला स्थल-कालाचा संदर्भ दिल्यावाचून त्याची चर्चा निष्फळ होते. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुका हा असा एक संदर्भ आहे. कापूस पिकवणाऱ्या या भागात कोलामांचे पोड आहेत. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून ज्या तीन जमातींची नोंद आहे, त्यांपैकी कोलाम ही एक. कातकरी आणि माडिया गोंड या अन्य दोन. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा. एमेनो यांनी तिचे वर्णनात्मक व्याकरण १९५५ साली प्रसिद्ध केले. म्हणजे पोडावरच्या मुलाच्या कानावर घरात कोलामी पडते, बाजारात वऱ्हाडी पडते, आणि पाठ्यपुस्तकात त्याची गाठ प्रमाण मराठीशी पडते. तिसऱ्या भाषेतल्या पुस्तकावर त्याचे लक्ष दहा मिनिटे टिकत नाही, या निरीक्षणावरून त्याची ‘अवधानक्षमता’ अल्प आहे असा निष्कर्ष काढणे हा तर्कदोष आहे. तेच पोर रात्र रात्र दंडार पाहते आणि रानातल्या पायवाटा बिनचूक ओळखते. अवधान ही व्यक्तीच्या ठायी असलेली ठरावीक मापाची शिदोरी नव्हे. विषयाने ते जागवावे लागते आणि भाषेने ते पेलावे लागते.

शिवाय ‘वाचत नाही’ या एका क्रियापदात तीन भिन्न अवस्था दडलेल्या असतात: वाचता येत नाही, वाचावेसे वाटत नाही, आणि वाचावयास काही नाही. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ साली ५०.५ टक्के होते. २०२२ साली ते ४२.८ टक्क्यांवर आले. जेथे निम्म्यांना अक्षरांची वाटच अवघड आहे, तेथे ‘अभिरुचीचा ऱ्हास’ ही संज्ञा वापरणे म्हणजे पहिल्या अवस्थेचा दोष दुसरीच्या माथी मारणे होय. तिसरीचा तर उच्चारही होत नाही.

विमुख वाचकाचा प्रश्न मात्र नवा नाही. पंचतंत्राची चौकटकथा हा त्याचाच दाखला आहे. अमरशक्ती राजाचे तीन पुत्र विद्येला पाठमोरे झालेले. नुसत्या व्याकरणाच्या अध्ययनाला बारा वर्षे लागतात असे सांगितले जात असताना विष्णुशर्मा सहा महिन्यांची मुदत घेतो. तो राजपुत्रांना शिक्षा करीत नाही आणि नीतिशास्त्रही सोडीत नाही. तो केवळ रूप बदलतो. कथा छोटी, पण एका कथेच्या पोटातून दुसरी निघते, आणि ऐकणारा स्वतः विचारतो, ‘ते कसे?’ अवधानाची मागणी न करता ते निर्माण करण्याची ही रीत आहे.

विदर्भाच्या भूमीतच याहून निकटचे उदाहरण सापडते. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्रा’त संकलित केल्या त्या लहान लहान लीळांच्या रूपात. केशोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त ११४ दृष्टान्त आहेत, आणि प्रत्येकाची बैठक सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक अशी आटोपशीर आहे. याच केशोबासांना नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले. त्याचे कारण असे, की त्यामुळे पंथातील वृद्ध स्त्रिया वंचित राहिल्या असत्या. या निर्णयामागील विचार नीट पाहिला पाहिजे. वृद्ध स्त्रियांना संस्कृत येत नाही ही त्यांची उणीव मानली गेली नाही. त्यांना कळेल असे लिहिणे ही पंडिताची जबाबदारी मानली गेली. उणिवेचे ओझे वाचकाकडून लेखकाकडे सरकले, आणि त्यातून मराठी गद्य घडले.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. वेदान्तातील अनुबंधचतुष्टयात विषय, संबंध आणि प्रयोजन यांच्याबरोबर ‘अधिकारी’ सांगितला आहे. साहित्यशास्त्रानेही ‘सहृदय’ कल्पिला. वाचकाने ग्रंथापर्यंत चढून जावे, ग्रंथाने उतरू नये. सोपे करून देणे हा वाचकाचा अपमानच आहे, असे या भूमिकेचे म्हणणे. ते सहज उडवून लावण्यासारखे नाही. सुलभीकरणाच्या नावाखाली जे दिले जाते त्यात खरोखरच पुष्कळदा तुच्छता असते. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती सहा वर्षांच्या मुलाचे पुस्तक दिले, तर त्याला त्यातले प्रत्येक अक्षर कळते आणि आपल्याविषयीचे मतही कळते.

परंतु हा आक्षेप सोपे, छोटे आणि उथळ या तीन विशेषणांत गल्लत करतो. ओवी आणि अभंग छोटे आहेत, उथळ नाहीत. स्कॉटलंडमध्ये १९९८ साली स्थापन झालेल्या बॅरिंग्टन स्टोक या प्रकाशनसंस्थेने वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी जी पुस्तके काढली, त्यांचे तत्त्व हेच आहे: भाषेचा भार कमी करावा, आशयाचे वय मात्र वाचकाच्या वयाइतकेच ठेवावे. मराठीत नवसाक्षरांसाठी झालेल्या लेखनात बहुतांशी याच्या उलट घडले. प्रौढ माणसाला स्वच्छता, काटकसर आणि व्यसनमुक्ती यांचे पाठ देण्यात आले. मम्मटाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, कान्तासंमित होऊ शकणारा उपदेश पुन्हा प्रभुसंमित झाला. अशा पुस्तकाकडे पाठ फिरवणारा वाचक चंचल नसतो. आज्ञा आणि साहित्य यांतला फरक त्याला कळलेला असतो.

मग निवड कोणी करावी? रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक ही दोन सूत्रे जोडीने येतात. जोडीचा अर्थ असा, की योग्यता हा पुस्तकाचा अंगभूत गुण नाही. तो संबंध आहे. आणि संबंधात नकाराला जागा असावी लागते. रोलाँ बार्थ यांनी १९७३ साली मजकूर गाळत वाचण्यातही सुख शोधले. दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडताना न वाचण्याचा हक्क पहिला ठेवला.

मात्र हा हक्क मारेगावला जसाच्या तसा लागू करता येत नाही. पेनाक यांच्यासमोरचा फ्रेंच विद्यार्थी पुस्तकांच्या गर्दीत कंटाळलेला आहे. त्याची विमुखता तृप्तीनंतरची आहे. पोडावरच्या मुलाची विमुखता ओळखीपूर्वीची आहे. ज्याच्यापुढे ताट वाढलेलेच नाही, त्याचा उपवास हे व्रत ठरत नाही. म्हणून येथे न वाचण्याच्या हक्काआधी निवडीचा हक्क येतो, आणि तो हक्क भावनेने नव्हे तर व्यवस्थेने मिळतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने ग्रंथालय-कर आकारला नाही. स्वयंसेवी ग्रंथालयांना अनुदान देण्याची वाट निवडली. अशा व्यवस्थेत ग्रंथसंख्या आणि सभासदसंख्या मोजता येते. एखाद्या मुलाने पुस्तक दुसऱ्यांदा मागितले की नाही, हे कोणत्याही रकान्यात बसत नाही. योग्यतेची खरी कसोटी मात्र तीच आहे.

या संदर्भात समीक्षेचीही जबाबदारी तपासावी लागेल. बालसाहित्य आणि नवसाक्षर साहित्य यांना मराठी समीक्षेने आपल्या अंगणाबाहेर ठेवले. त्यांची परीक्षणे झाली तरी ती उपयुक्ततेच्या निकषावर. रचना, निवेदन, लय, मौन या अंगांनी ती तपासली गेली नाहीत. अल्प अवधानाच्या वाचकासाठी लिहिताना प्रत्येक वाक्याला आपले अस्तित्व सिद्ध करावे लागते. ज्या वाचकाला पुस्तक मिटण्यासाठी निमित्त पुरते, त्याच्यासाठी लिहिणे हे सहृदयासाठी लिहिण्याहून कठीण काम आहे, आणि म्हणून ते कठोर समीक्षेलाही पात्र आहे. २०१५ साली प्रथम बुक्सने सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरसारख्या खुल्या परवान्याच्या उपक्रमांमुळे लहान भाषांत पुस्तक करण्याचा खर्च हा आता पूर्वीइतका मोठा अडसर उरलेला नाही. उरला आहे तो कोलामीतून विचार करणाऱ्या मुलाला वाचक मानण्याचा प्रश्न.

योग्य पुस्तकाने वाचकाला त्याच पायरीवर बसवून ठेवले, तर ते सोयीचे ठरेल, योग्य नव्हे. पुढच्या पुस्तकाची गरज त्याने वाचकाच्या मनात उत्पन्न केली पाहिजे. परंतु पहिली पायरी कोठे असावी, हे ठरवण्यासाठी आधी वाचक कोठे उभा आहे हे पाहावे लागते. ते न पाहता त्याला विमुख म्हणणाऱ्याने, प्रथम पाठ कोणी फिरवली, याचा विचार करावयास हवा.