आजचे पैसे आजच

दादर-परळच्या कुठल्याही पोळीभाजी केंद्रावर सकाळी आठच्या सुमाराला एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘मावशी, लिहून ठेवा, एक तारखेला एकदम देतो.’ मावशी मान हलवतात, वहीत आकडा टाकतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पोळ्या बांधायला घेतात. बोलणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं. त्याला गाडी गाठायची असते, सुट्टे नसतात, महिन्याचा हिशोब एकदाच केलेला सोपा वाटतो. पण मावशींना कणीक, तेल आणि गॅस रोज लागतो. त्याचे पैसे आपल्या एक तारखेची वाट बघत नाहीत. ते कुठून तरी आधीच उभे करावे लागतात, आणि कुठून करावे लागतात यावर बरंच काही ठरतं.

लालबाग, परळ, नायगावच्या चाळींत गिरणीच्या भोंग्यावर दिवस सुरू व्हायचा, तेव्हा या भागातल्या खानावळवाल्या बायकांनी हे फार सोसलं. कोकणातून, साताऱ्याकडून आलेले कामगार बायकामुलं गावी ठेवून एकेका खोलीत दाटीनं राहायचे आणि जेवायला जवळच्या एखाद्या बाईकडे असायचे. तिची खोलीही तेवढीशीच. पहाटे उठून ती पहिल्या पाळीचे डबे भरायची, मग दुसऱ्या पाळीची माणसं, मग रातपाळीवाले. पैसे मात्र गिरणीचा पगार झाल्यावरच मिळायचे. तोवर तांदूळ, डाळ, तेल सगळं वाण्याकडून उधार. उधारी एकदा सुरू झाली की दुकान बदलता येत नाही. भाव तो सांगेल तो. तांदळात खडे निघाले तरी बोलायची सोय नाही. वर व्याज, आणि घरात कुणी आजारी पडलं की सावकार. इतक्या माणसांना पोटभर जेवू घालणारी बाई, पण आपल्या चुलीवर कुठला तांदूळ शिजावा हे तिच्या हातात नव्हतं. प्रेमाताई पुरव यांनी हे दुखणं नेमकं ओळखलं. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि मुंबईच्या कामगार चळवळीत मुरलेल्या या बाईंनी 1975 साली 14 खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवून दिलं. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. तारण ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हतं, म्हणून त्या एकमेकींना जामीन राहिल्या. रोख पैसे हातात आले आणि पहिला फरक बाजारात पडला. चार दुकानांत भाव विचारायचा, तांदूळ हातात घेऊन बघायचा, पटला नाही तर पुढं जायचं. वर्षानुवर्षं ज्यांना मान खाली घालून पिशवी पुढे करावी लागली, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. मला तर वाटतं, त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघराची किल्ली त्यांना मिळाली.

पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले, कित्येक कामगार गावी परतले आणि खानावळींची बसलेली घडी मोडली. मंडळातल्या बायकांनी मग डब्यांची, मोठ्या ऑर्डरींची कामं धरली. हातात रोख पैसे असण्याची अशीच एक गिरगावची गोष्ट त्याहून जुनी. 15 मार्च 1959 ला तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. देणगी कुणाकडे मागायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं. पापड आणून दिले की लाटण्याची मजुरी हातात, ही त्यांची रीत मला विशेष भावते. जिला संध्याकाळी घरची चूल पेटवायची आहे, तिच्या कष्टाचा हिशोब महिनाभर लोंबकळत ठेवला नाही. आपल्या चुलीचा निर्णय आपल्या हातात असण्याचा हा प्रश्न पुढे जगापुढेही आला. 1996 साली रोममध्ये जागतिक अन्न परिषद भरली, तेव्हा अनेक देशांतल्या लहान शेतकऱ्यांनी एक मागणी पुढे ठेवली. नुसतं धान्य पोचवून भागणार नाही, काय पिकवायचं आणि काय खायचं हे पिकवणाऱ्यांना आणि खाणाऱ्यांना ठरवू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या चाळीतल्या बायका आपापल्या चुलीपुरतं हेच मागत होत्या.

रोजच्या धावपळीत आपल्याला एवढी मोठी चळवळ उभी करायची नाही. आपल्या वाट्याला येतं ते लहानच काम. आपलं अन्न ज्यांच्या हातून येतं, त्यांचे पैसे त्याच दिवशी द्यायचे. उधारी मुळात वाईट नाही. अडल्या माणसाला तीच तारते आणि त्यात माया असते. खानावळवाल्यांनी कितीतरी कामगारांना त्या मायेनंच सांभाळून घेतलं. पण ती ज्याला खरोखर अडचण आहे त्याच्यासाठी राहू द्यावी. आपल्या खात्यात पैसे आहेत, हातगाडीवर पैसे द्यायचा कोड चिकटवलेला आहे, मग ‘नंतर देतो’ कशाला? सणासुदीला एक पाऊल पुढेही टाकता येतं. गणपतीत गिरगाव-दादरच्या कितीतरी घरांतून बायका उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात. नारळ, गूळ, तांदळाची पिठी यांचा खर्च त्या बाईला आधी करावा लागतो आणि आपण पैसे देतो डबा हातात आल्यावर. ऑर्डर सांगतानाच निम्मे पैसे पुढे केले, तर तिला ओळखीच्या दुकानात उधारी करावी लागत नाही. बाजारात जाऊन ती हवे तसे नारळ पारखून घेऊ शकते. आणि नाक्यावरच्या भाजीवालीचे परवाचे चाळीस रुपये राहिले असतील, तर आज स्टेशनकडे जाताना आधी ते देऊन टाकावेत. तिलाही उद्याचा माल आज ठरवायचा असतो.