वारसा आणि दाखला

इंग्लंडचा राजा सहावा हेन्री याने १४४० साली इटनला शाळा काढली ती ७० गरीब मुलांना फुकट शिकवण्यासाठी. पुढे ती शाळा कुणाची झाली हे सर्वश्रुत आहे. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले, तेव्हा त्या एका शाळेतून आलेले ते विसावे पंतप्रधान ठरले. ब्रिटनमध्ये शंभरातली साधारण सात मुलं खासगी शाळांत शिकतात. न्यायासनावर, मंत्रिमंडळात, मोठ्या वर्तमानपत्रांत मात्र त्या सातांतलेच लोक पदोपदी भेटतात. शाळा गरिबांसाठी निघते आणि काही पिढ्यांत तिच्या दारात ऐपतवाल्यांची रांग लागते. हे कसं घडतं, आणि घडून गेल्यावर सगळ्यांना ते रीतसर का वाटू लागतं, याचा विचार मी पिंगुळीच्या निमित्ताने बरीच वर्षं करत आलो आहे.

पिंगुळी सिंधुदुर्गातल्या कुडाळला लागूनच. बाहेरच्यांना हे गाव राऊळ महाराजांच्या मठामुळे ठाऊक असतं, नाहीतर ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांमुळे. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा, दोन दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका आख्यानाची एक पोथी. कथेकरी मांडी घालून बसतो, चित्र समोर उभं धरतो, वीणेवर गातो, मधेच गाणं थांबवून पात्रांच्या तोंडचं बोलतो. साथीला हुडुक आणि टाळ. प्रसंग सरला की चित्र फिरतं आणि पाठीवरचा प्रसंग पुढे येतो. घरातलं पोर मागे बसून टाळ धरतं, आणि मिसरूड फुटेपर्यंत रामायण-महाभारतातली आख्यानं त्याला तोंडपाठ झालेली असतात. त्यातच ताल आला, रंग आले, भाषेचे चढउतार आले, बाहुलीचे दोर हलवायची बोटांची समज आली. सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला होता आणि देवळांतून ती रात्र रात्र चालायची. हेच पोर शाळेत नाव घालायला गेलं की पालकांच्या शिक्षणाच्या रकान्यात शिक्षक काय लिहिणार? निरक्षर. त्या शिक्षकाचा यात दोष नाही. रकान्यात जे मावतं तेच तो लिहितो. पण कुठल्या ज्ञानाला रकाना द्यायचा हे कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं, आणि वर्गाचा वारसा तिथूनच सुरू होतो.

याचा एक पुरावा आकड्यांतच सापडतो. १८५५ पासून हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी लंडनला खुली स्पर्धा परीक्षा होऊ लागली. वशिल्याने जागा वाटण्याची जुनी रीत मोडली, गुणांवर निवड सुरू झाली, आणि ही मोठीच सुधारणा होती. मेकॉलेच्या समितीने जे गुण ठरवले त्यांत लॅटिनला ७५०, ग्रीकला ७५०, संस्कृतला ३७५, अरबीला ३७५. ज्या देशावर राज्य करायचं तिथल्या शास्त्रभाषेचं मोल लॅटिनच्या निम्मं. आमच्या बोलींचा तर प्रश्नच नव्हता. लॅटिन-ग्रीकची घोकंपट्टी इटनसारख्या शाळांत लहानपणापासून चालायची. परीक्षा सगळ्यांना खुली होती हे खरं, पण तिचा मांडव एका विशिष्ट अंगणात घातला होता. तिथे राहणाऱ्याला घरातून उठून पाटावर बसायचं होतं, बाकीच्यांना समुद्र ओलांडून यायचं होतं.

इकडे शिक्षणाबद्दल सरकारची समजूत अशी होती की वरच्या वर्गाला शिकवावं, ते हळूहळू खाली झिरपेल. या झिरपण्याला सर्वांत सडेतोड उत्तर जोतीराव फुल्यांनी दिलं. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी हिशेबच मांडला: सरकारच्या उत्पन्नाचा मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून घ्यावेत, असंही त्यांनी सुचवलं. ते निवेदन मी अनेकदा वाचलं आहे. आज त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे त्यांनी दयेची भाषा कुठेच वापरलेली नाही. पैसा कुणाचा आणि शाळा कुणाची, एवढंच ते विचारतात. गरिबाच्या मुलाला शिकवणं हे उपकाराचं काम आहे, या कल्पनेतून फुल्यांनी आपल्याला तेव्हाच बाहेर काढलं होतं. आपणच पुन्हा पुन्हा तिच्यात जाऊन बसतो.

पुढची पायरी कोल्हापुरात चढली गेली. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज इंग्लंडला गेलेले असताना, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्याआधी काही वर्षं गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तसंच विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं होतं आणि ते नामंजूर झालं होतं. एवढ्या मोठ्या साम्राज्याला जे परवडत नव्हतं ते एका संस्थानाने करून दाखवलं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण खासगी शिक्षण म्हटलं की आपण लगेच फीच्या पावतीवर येतो. कोकणातल्या कितीतरी माध्यमिक शाळा खासगीच आहेत. त्या काढल्या कुणी? मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, घरगुती कामांत राबणाऱ्या चाकरमान्यांनी. खोलीत दहा-पंधरा जण दाटीने राहायचे, खानावळीत जेवायचे, आणि गावच्या मंडळाची वर्गणी चुकवायची नाही. त्यातून गावात हायस्कूल उभं राहायचं. संस्थेचा कारभार मुंबई कमिटी बघायची, जमीन गावातला कुणीतरी द्यायचा, चिरे श्रमदानातून यायचे. ‘शिकलो तर खंय तरी चिकटतलो,’ एवढीच त्या बापमाणसांची अपेक्षा असायची. ज्यांना स्वतःला चौथीपुढे जाता आलं नाही त्यांनी काढलेली ही खासगी शाळा, आणि तिच्या बाकावर खोताचा आणि कुळाचा पोरगा शेजारी बसायचा. घाटावर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती याच जातीची. तेव्हा प्रश्न शाळा सरकारी की खासगी हा नाही. दाराशी कुणाला अडवलं जातं हा आहे.

ब्रिटनने १९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केलं, पण अकराव्या वर्षी एक परीक्षा ठेवली आणि तिच्या निकालावर मुलांच्या वाटा वेगळ्या केल्या. फी भरणाऱ्यांच्या शाळांना त्या कायद्याने हात लावला नाही. या सगळ्याकडे पाहून मायकेल यंग या समाजशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये ‘द राइज ऑफ द मेरिटोक्रसी’ हे पुस्तक लिहिलं. ते धोक्याची सूचना म्हणून लिहिलेलं होतं. जन्माने मिळालेल्या मानाबद्दल उमरावाला आतून थोडा तरी संकोच असतो. गुणांनी वर आलोय असं ज्याला वाटतं त्याला तोही उरत नाही, आणि जो मागे राहिला त्याला आपली लायकीच नव्हती असं वाटायला लागतं. पुढे राजकारणी तोच शब्द गौरवाने वापरू लागले, तेव्हा २००१ मध्ये यंग यांना उतारवयात जाहीर हरकत घ्यावी लागली.

मला हे वाचल्यापासून आपल्याकडच्या ‘मेरिट’ या शब्दाची भीती वाटते. दहावीच्या निकालात कोकण मंडळ स्थापन झाल्यापासून दरवर्षी पहिलं येतं. त्याचा अभिमान मलाही आहे. पण उत्तीर्णांच्या त्या टक्केवारीनंतर पुढच्या दोन वर्षांत काय होतं? ज्याच्या घरी लाखभर रुपये मोकळे आहेत तो मुंबई-पुण्याच्या क्लासला जातो, बाकीचे जवळचं कॉलेज बघतात. दोन वर्षांनी प्रवेश परीक्षेचा निकाल लागतो आणि त्या लाखाला आपण गुणवत्ता म्हणतो.

यावरचा उपाय एका मराठी माणसाच्या सहभागाने लिहून ठेवलेला आहे. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीच्या परिसरात त्यांनी खेड्यात राहून शिक्षणाचं काम केलेलं. आयोगाने सांगितलं की चांगलं शिक्षण फी देऊ शकणाऱ्या मूठभरांपुरतं उरलं आहे, तेव्हा शेजारशाळा आणा: एका परिसरातली सगळी मुलं, जात-धर्म-ऐपत काहीही असो, एकाच शाळेत. त्यामागचा विचार फार व्यवहारी होता. ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे त्यांची मुलं शाळेत असली, तर त्या शाळेचं छप्पर गळत राहत नाही. ही शिफारस कागदावरच राहिली. १९८३ मध्ये महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पैसे मोजून मिळणारी जागा ही उघड, सन्मानाची गोष्ट झाली. वजनदार लोकांची मुलं एकेक करत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघाली. आज सकाळी गावोगावची पोरं पिवळ्या बसने कुडाळच्या इंग्रजी माध्यमात जातात, आणि वाडीतल्या शाळेचा पट विसाच्या खाली गेला की ती बंद करायची की कुठल्या समूह शाळेत मिसळायची, याची चर्चा सुरू होते. त्या चर्चेत मोठ्याने बोलू शकेल असा पालक तिथे उरलेला नसतो.

शिक्षण हक्काच्या कायद्याने खासगी शाळांत गरिबांच्या मुलांसाठी २५ टक्के जागांची फट ठेवली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने ज्या खासगी शाळांच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे त्यांना यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत ती दुरुस्ती रद्द केली. फट टिकली. पण ती फटच आहे, आणि शेजारशाळेची जागा तिने भरून निघणार नाही.

आता पिंगुळीतल्या त्या टाळ धरणाऱ्या पोराकडे वळतो, कारण त्याला यापेक्षाही वेगळी भिंत आडवी येते. ठाकर, म्हणजेच यादीतले ठाकूर, ही अनुसूचित जमात. पण १९५६ च्या यादीत महाराष्ट्रातल्या ठाकरांना ती मान्यता अहमदनगर, कुलाबा, नाशिक, पुणे, ठाणे या जिल्ह्यांतल्या ठरावीक तालुक्यांपुरतीच होती. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही, त्यात नव्हता. १९७६ च्या कायद्याने ही क्षेत्राची मर्यादा उठवली. कायद्याने उठवली, कार्यालयांच्या मनातून ती सहजी उठली नाही, आणि इथल्या ठाकरांच्या जातवैधतेचा प्रश्न वर्षानुवर्षं पेटत राहिला.

वैधतेसाठी सर्वांत भक्कम पुरावा कोणता, तर १९५० पूर्वीची नोंद, आणि बहुधा ती असते आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातली. ज्याचा आजोबा शाळेतच गेला नाही त्याने ती आणायची कुठून? ज्यांना शाळेने बाहेर ठेवलं त्यांच्याकडेच शाळेचा जुना उतारा मागितला जातो. त्याच्या जोडीला आप्तभावाची चाचणी: दक्षता पथक घरी येतं, देव कुठला, लग्नात काय करता, मयताचे विधी कसे, बोली कुठली, हे विचारतं. घर शहरात गेलेलं असेल, बापाने नोकरी धरली असेल, रीतिरिवाज सुटले असतील, तर उत्तरं जुळत नाहीत. म्हणजे वर चढण्यासाठी जे कागद हवेत ते मिळवायला, आपण अजून मुळीच चढलेलो नाही, हे सिद्ध करायचं. इटनमध्ये शिकलेल्याला आपला वारसा कुणापुढे कधी सिद्ध करावा लागत नाही. तो त्याच्या उच्चारांत असतो, आणि त्याची कुणी चौकशी करत नाही.

मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ठाकूर जमातीच्याच एका संघटनेच्या प्रकरणात निकाल दिला: आप्तभावाची चाचणी ही जातदाव्याची निर्णायक कसोटी धरता येणार नाही. शिकल्यामुळे, स्थलांतरामुळे जमातीच्या चालीरीती बदलतात हे आधीच्या एका निकालातच न्यायालयाने मान्य केलं होतं. वडिलांना किंवा रक्ताच्या नात्यातल्या कुणाला रीतसर चौकशीअंती वैधता मिळालेली असेल, तर तिचाही आधार धरता येतो. या निकालाने पुष्कळ घरांची वाट सोपी व्हावी.

पिंगुळीच्याच परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय करून ठाकरांच्या पोथ्या आणि बाहुल्या तिथे मांडल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अख्ख्या जिल्ह्याने आनंद केला, आणि तो करायलाच हवा होता. पण ज्या राज्याला या जमातीची कला एवढी ठळक दिसते, त्याच राज्याच्या तपासणी समितीला तिच्या मुलांची जमात दिसायला अडचण यावी, हे मला मान्य नाही. वडिलांची वैधता असेल तिथे मुलाला ती पुढच्या चौकशीशिवाय मिळावी. आणि ज्या घरात आजवर कुणाकडेच वैधता नाही, शाळेचा जुना उतारा नाही, तिथे कागद शोधायची जबाबदारी समितीने स्वतःच्या अंगावर घ्यावी: महसूल दप्तर, जन्म-मृत्यूच्या गावनोंदी, संस्थानकाळची कागदपत्रं, देवळांच्या खेळांचे हक्क. बारावीच्या निकालानंतर प्रवेशाची मुदत संपायला थोडे दिवस उरलेले असताना एखाद्या बापाने रोज बुडवून हे करत फिरावं, अशी अपेक्षा राज्याने धरू नये.