वही कोणी मिटली?

पहाटे त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडाच्या पायरीवर बसा. लॅपटॉप मिटलेलाच राहू द्या. रात्री पाहिलेला आकडा मनात येईल, येऊ द्या : सेकंदाला 20,000 कॉन्टेक्स्ट स्विच. तो पाहून छातीत धस्स झालं होतं. श्वास सावकाश चालू द्या.

समोरून एक गुरुजी जात आहेत, मागे यजमानांचं कुटुंब. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळीच्या वह्या असतात. गाव सांगावं, आडनाव सांगावं. पणजोबांची नोंद सापडते आणि तिच्याखाली आपलं नाव चढतं. आता एका यजमानांची वही मिटून दुसऱ्यांची उघडण्याचा तो क्षण मनात धरा. गोत्र बदललं, संकल्पातली नावं बदलली, विधी कुठवर आला होता तेही आठवायचं. प्रोसेसर हेच करतो. एका कामाची रजिस्टरं जपून ठेवतो, दुसऱ्याची उचलतो. त्यात जातात थोडे मायक्रोसेकंद. मोठी झीज नंतरची : कॅशेमध्ये आधीच्या कामाचा डेटा असतो, नव्याला आपला डेटा पुन्हा मेमरीतून आणावा लागतो. इथे जरा रेंगाळा. ही झीज व्हीएमस्टॅट या आज्ञेच्या 'सीएस' म्हणजे कॉन्टेक्स्ट स्विचच्या रकान्यात दिसत नाही.

आता 20,000 कडे वळा. व्हीएमस्टॅट दाखवतो तो आकडा सगळ्या कोरांचा मिळून असतो. तुमच्या सर्व्हरला 16 कोर आहेत. भागून पाहा : प्रत्येकी 1,250. एका बदलाला 3 मायक्रोसेकंद धरले, तर प्रत्येक कोराच्या सेकंदातले पावणेचार मिलिसेकंद गेले. अर्धा टक्कासुद्धा नाही. हाच भार एकट्या कोरावर असता तर 6 टक्के गेले असते. छातीतली धडधड आता कुठे आहे, बघा.

पण भागाकारावर थांबू नका. विचारा, वही कोणी मिटली?

यजमान स्नानाला उतरले, तेवढ्यात गुरुजींनी दुसरी वही उघडली. हा स्वेच्छेचा बदल. थ्रेड डिस्कची, नेटवर्कची किंवा लॉकची वाट पाहत बाजूला होतो. दुसरा प्रकार जबरदस्तीचा. नारायण-नागबळीसारख्या तीन दिवसांच्या विधीत बसलेल्या गुरुजींना कोणी मधूनमधून उठवत राहावं, तसा. वाट्याची वेळ संपली किंवा जास्त प्राधान्याचं काम आलं, की कर्नल थ्रेडला बाजूला सारतो. पिडस्टॅट हे दोन्ही प्रकार वेगवेगळ्या रकान्यांत मांडतो. जबरदस्तीचे बदल वाढले आणि व्हीएमस्टॅटचा 'आर', म्हणजे चालू आणि पाळीची वाट पाहणाऱ्या कामांचा आकडा, सतत 16 च्या वर राहिला, तर कामं जास्त आहेत, हात कमी. स्वेच्छेचे वाढले, प्रोसेसर मोकळा दिसतो आणि काम मात्र पुढे सरकत नाही, तर एखाद्या लॉकपाशी रांग लागली आहे का ते शोधा. गाभाऱ्याचं दार एकच असलं की बाहेरचा मंडप कितीही मोठा असून उपयोग नसतो.

मला फार उशिरा उमगलेली गोष्ट अशी, की आकडा उतरला म्हणजे भार उतरलाच असं नाही. अधूनमधून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटला थ्रेड जागा होतो, काम करतो, झोपतो. बदल मोजले जातात. पॅकेटांची रीघ लागली की त्याला झोपायला उसंतच मिळत नाही. आकडा खाली येतो, आणि सर्व्हर तेव्हाच सर्वांत जास्त राबत असतो. म्हणून आपल्या यंत्राचा रोजचा आकडा ठाऊक हवा. सोमवारी सकाळचा वेगळा, मध्यरात्रीच्या बॅकअपचा वेगळा.

आता लॅपटॉप उघडा. व्हीएमस्टॅट एकेका सेकंदाच्या अंतराने चालू करा. पहिली ओळ सोडून द्या, ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. दुसरीपासून वाचा, सावकाश.