चौथा दिवस

शिबिर बहुधा तीन दिवसांचं असतं. पहिल्या दिवशी ओळखी, चळवळीची गाणी, उभं राहून राज्यघटनेच्या उद्देशिकेचं वाचन. दुसऱ्या दिवशी कायदे: ॲट्रॉसिटी, माहितीचा अधिकार, रोजगार हमी. तिसऱ्या दिवशी नेतृत्वगुण, भाषणाचा सराव, प्रमाणपत्रं, फोटो. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत. आपल्या जिल्ह्यात कुठंही जा, मानवी हक्क कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचा आराखडा थोड्याफार फरकानं हाच सापडतो. या तीन दिवसांतून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ताठ मानेनं बोलायला शिकलेली, तहसीलमध्ये खुर्ची ओढून बसायला शिकलेली. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. माझा जीव अडकतो तो चौथ्या दिवसात.

चौथ्या दिवशी शिबिरार्थी एसटीतून गावात उतरतो. त्याचा बाप ज्याच्याकडे सालगडी आहे, ज्याच्या हळदीत त्याची आई खुरपायला जाते, ज्याच्या दुकानातून घरचा किराणा उधारीवर येतो, त्याच घराविरुद्ध वस्तीतल्या कुणाला तरी फिर्याद द्यायची असते. प्रमाणपत्र पिशवीत असतं. आता काय करायचं, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

कायदा दुबळा आहे असं नाही. १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० रोजी लागू झाला. १९९५च्या नियमांनी तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला, पीडितांसाठी अर्थसाहाय्य ठरवलं, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती नेमली आणि तिनं तीन महिन्यांतून एकदा तरी बसावं असं बजावलं. २६ जानेवारी २०१६पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं सामाजिक आणि आर्थिक बहिष्काराला गुन्हा ठरवलं, पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचं वेगळं प्रकरणच जोडलं. कागदावर याहून जास्त काय मागणार? तरी खटले ढासळतात, आणि पुष्कळदा एकाच जागी ढासळतात: साक्षीदाराच्या पिंजऱ्यात.

साक्ष फिरवणाऱ्याला आपण फितूर म्हणतो. मला हा शब्द टोचतो. फितूर म्हणजे शत्रूला जाऊन मिळालेला. इथं तसं काही घडलेलं नसतं. फिर्यादीच्या आठवड्यातच कामाला बोलावणं बंद होतं. पिठाची गिरणी नेमकी आपल्याच डब्याच्या वेळी बिघडते. बोअरचं पाणी तुटतं. मग चोरीची नाही तर दरोड्याची उलटी केस होते आणि वस्तीतली चार कर्ती पोरं जामिनाच्या मागे धावू लागतात. दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला निघून जातात. मधल्या काळात कुणीतरी सभ्य, वयस्क माणूस घरी येऊन बसतो आणि म्हणतो, ‘मिटवून घ्या, गावात राहायचंय आपल्याला.’ त्याचं म्हणणं खरंच असतं, गावात राहायचंच असतं. दोन-तीन वर्षं हे सोसल्यावर पिंजऱ्यात ‘मला काही दिसलं नाही’ म्हणणारा माणूस भित्रा नसतो, एकटा पडलेला असतो. त्याला एकटं पडू न देणं एवढंच काम कार्यकर्त्याला आलं, तर मी त्याला नेता म्हणेन. भाषण येवो न येवो.

मराठवाड्यात हे ज्यांना फार लवकर कळलं त्यांत एकनाथ आवाड यांचं नाव मी पहिलं घेतो. बीड जिल्ह्यातल्या दुकडेगावच्या मातंग कुटुंबात, पोतराजाच्या घरी जन्मलेला हा माणूस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या धगीतून आला. त्या धगीची किंमत आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यानं पोचिराम कांबळे यांच्या हत्येच्या रूपानं १९७८ साली मोजली होती. आवाड वकील झाले, मानवी हक्क अभियान उभं केलं, मातंगांना ‘जय भीम’ म्हणायला शिकवलं. २५ मे २०१५ रोजी ते गेले. अत्याचाराच्या बातमीमागोमाग गावात पोहोचणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. मला मात्र त्यांचं सगळ्यात मोठं शहाणपण गायरानात, गावाच्या सामाईक चराऊ जमिनीत दिसतं. रोजची भाकरी दुसऱ्याच्या बांधावर असेल तर हक्काची भाषा संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि जमिनीचा प्रश्न मानवी हक्काच्या कामाच्या मध्यभागी आणून ठेवला.

ही वाट दादासाहेब गायकवाडांनी आधीच पाडली होती. १९५९ आणि १९६४ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसं हजारोंनी तुरुंगात गेली. पुढे २८ नोव्हेंबर १९९१चा शासन निर्णय आला: १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायची. आता अडचण पुराव्याची. आपण त्या काळात ही जमीन कसत होतो, हे दाखवायचं कशावरून?

इथं मला गायरान ही एक शाळाच वाटते. ज्या बाईनं दगड वेचून, बाभळी तोडून दोन एकर उजवले, तिला तलाठ्यानं कधीतरी दंड केलेला असतो. दंडाची पावती म्हणजे वरवर शिक्षाच. पण तीच पावती सांगते की अमुक साली ही बाई इथं होती. गाव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. तिच्यात आपलं नाव यावं म्हणून भांडायचं असतं, खोडलं जाऊ नये म्हणून जागं राहायचं असतं. पंचनाम्याला पंच कोण होतं, उभं पीक मोडून जनावरं सोडली तेव्हा कोणती तारीख होती, हे ध्यानात ठेवायचं असतं. अक्षर न येणाऱ्या बायकांनी या पावत्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत वर्षानुवर्षं जपल्या. सरकारी कागद कसा वाचायचा, कसा उलटवायचा आणि कसा राखायचा, याचं इतकं पक्कं शिक्षण कुठल्या सभागृहात मिळालेलं मला माहीत नाही.

बाबासाहेबांनाही प्रशिक्षणाची निकड शेवटपर्यंत जाणवत होती. जुलै १९५६मध्ये, महापरिनिर्वाणाच्या जेमतेम पाच महिने आधी, त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षणशाळा काढली आणि ती एस. एस. रेगे यांच्या हाती सोपवली. पहिली तुकडी लहानशी होती. बाबासाहेबांच्या मागे ती शाळा वर्षभरही चालली नाही. आपल्या चळवळीच्या इतिहासातली ही चुटपुट मला अजून जात नाही. आपण पुतळे उभे केले, त्या शाळेचं दार पुन्हा उघडलं नाही.

कार्यकर्ते घडवणारी अशीच एक शाळा अमेरिकेत होती, टेनेसी राज्यात १९३२ साली सुरू झालेली हायलँडर. १९५५च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स तिथल्या कार्यशाळेला गेल्या आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला माँटगोमेरीच्या बसमध्ये त्यांनी जागा सोडायचं नाकारलं. त्यांची गोष्ट आपल्याकडे दमलेल्या बाईच्या अवचित धाडसाची म्हणून सांगतात. प्रत्यक्षात त्या कितीतरी वर्षांच्या कार्यकर्त्या होत्या, आणि त्या दिवसानंतर शहरातली काळी माणसं वर्षाहून अधिक काळ बसविना पायी चालली, गाड्या वाटून घेऊन कामावर गेली. तो नकार टिकला तो या चालणाऱ्यांमुळे. चौथ्या दिवसाची तयारी म्हणतो ती हीच.

आपल्याकडेही अशी तयारी करणारे आहेत. १९८९ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये साक्षरतेच्या कामातून उभी राहिलेली कोरो ही संस्था कार्यकर्त्याला त्याच्याच गावात राहून काम करण्यासाठी फेलोशिप देते. मराठवाड्यात एकल महिलांची संघटना वाढली ती याच पद्धतीच्या कामातून. विधवा, टाकलेल्या, घटस्फोटित बायकांनी रेशनकार्ड, घरावरचं नाव, सणावाराचा मान मागायला सुरुवात केली. मला यात भावतं ते हे, की त्यांची लढाई पहिल्यांदा स्वतःच्या घराशी, भावकीशी होते. गावाला जाब विचारणारा कार्यकर्ता स्वतःच्या बहिणीचं लग्न सोळाव्या वर्षी लावून देत असेल तर त्याच्या तोंडी हक्काचा शब्द पोकळ वाजतो. शिबिरात हा विषय निघाला की पुरुष चहाला उठतात, हे मी पाहिलं आहे आणि त्याची मला लाज वाटते.

औंढ्याची आख्यायिका आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. कयाधूकाठच्या नरसीचे नामदेव नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले, त्यांना देवळामागे पिटाळलं गेलं, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळ फिरलं. सगळे देऊळ फिरल्याचं सांगतात. मी टाळकऱ्यांचा विचार करतो. कीर्तन एकट्यानं होत नाही. अपमान झाल्यावर घरी न जाता नामदेवांबरोबर मागच्या बाजूला गेलेली ती बिननावाची माणसं कोण होती?

ही माणसं घडवायची तर प्रशिक्षणाचा हिशेब बदलावा लागेल. आज अहवालात किती जण प्रशिक्षित झाले हा आकडा जातो, कारण पैसे देणाऱ्यांना तो मोजता येतो. तारखेच्या दिवशी साक्षीदाराची बुडालेली मजुरी भरणारा बचत गट, त्याच्याबरोबर कोर्टात जाणारे दोघे, वर्षानुवर्षं तारखा टिपून ठेवणारी एक वही, यांचा रकाना अहवालात नसतो. गायरानाच्या बाबतीत वेळही फार नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, त्याच वर्षी जुलैत राज्याचा शासन निर्णय निघाला आणि २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं विषय हाती घेतल्यावर गावोगाव नोटिसा पोहोचल्या. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन मिळाली असेल तर तिला अपवाद करता येईल, हे जगपाल सिंग निकालातच आहे. ते वाक्य आणि पेटीतली पावती एकत्र आणणारा माणूस गावात असेल तर नोटिशीला उत्तर जातं. नसेल तर जेसीबी येतो.

म्हणून शिबिराला एक दिवस वाढवून मागतो. सभागृह नको, गायरानातच बसू. ज्यांच्या घरी पेट्या आहेत त्यांनी पेट्या घेऊन याव्यात. नातीनं एकेक पावती उलगडून साल वाचावं, मोबाइलवर तिचा फोटो काढावा. पावतीवर दंडाची रक्कम आहे, तलाठ्याची सही आहे. त्या दिवशी बांधावर आजीच्या शेजारी कोण कोण उभं होतं, ते फक्त आजीला ठाऊक आहे. ती नावं वहीत उतरवून घ्यायची अजून राहिली आहेत.