मापातला हात

‘हस्तनिर्मित’ म्हटलं की त्या वस्तूसारखी दुसरी नाही असं आपण गृहीत धरतो आणि त्या वेगळेपणाचे चार पैसे जास्तही मोजतो. नेपाळमधल्या पाटणच्या शाक्य मूर्तिकारांची परंपरा या समजुतीच्या नेमकी उलट जाते.

हरित तारा ही बौद्धांची करुणेची देवता घडवायची, तर उजवा पाय आसनावरून खाली सोडलेला हवा; हाक आली की ती उठायला तयार. उजवा हात वरदमुद्रेत, डाव्या हातात निळं कमळ. चेहरा, छाती, कंबर यांची प्रमाणं अंगुळांत ठरलेली. कारागिराने ‘माझं काहीतरी’ घालावं, अशी कुणाची अपेक्षा नसते. जुन्या मूर्तींवर दात्याचं नाव सापडतं, घडवणाऱ्याचं क्वचितच.

एवढी शिस्त कशासाठी? वज्रयान या बौद्ध पंथातला साधक मूर्तीपुढे नुसते हात जोडत नाही. तो ती डोळ्यांत साठवतो, मग मनात बीजाक्षरापासून अवयव, आभूषणं, रंग असं सगळं उभं करतो आणि शेवटी ती आकृती शून्यात विरू देतो. त्याच्यासाठी मूर्ती हा नकाशा आहे. नकाशा काढणाऱ्याने हौसेने नदी वळवली, तर वाटसरूने काय करावं?

म्हणून इथे हाताचं मोल अचूकपणात आहे. मेणाच्या मूर्तीवर माती, शेण, भुसा यांचे थर चढतात. भाजल्यावर मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही. पुढच्या मूर्तीला पुन्हा नवं मेण, नवा साचा. एकमेवपणा असा आपसूक येतो, त्याची मिजास कुणी करत नाही. नंतर पोकळ पोटात मंत्रांच्या गुंडाळ्या भरून तळ पत्र्याने बंद करतात. त्यातलं एक अक्षरही पुढे कुणी वाचणार नसतं, तरी ते नीट लिहावं लागतं.

महाराष्ट्रातल्या बौद्ध घरात तारा सहसा दिसणार नाही, वेरूळच्या लेण्यांत ती असली तरी. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहू रोडला बसवली ती रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती, आणि १९५६च्या धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांनी हिंदू देवदेवतांना रजा दिली. इथला बुद्ध मार्गदाता आहे. पाटणच्या साधकाची वाट निराळी; पण मूर्ती समोर ठेवून स्वतःला घडवायचं, हे दोन्हीकडे आहे.

मग या घडवण्यात कारागीर कुठे असतो? पारंपरिक मुलाम्यात सोनं पाऱ्यात कालवून लेप देतात आणि तापवतात. सोनं तांब्यावर बसतं, पारा वाफ होऊन उडतो, आणि खबरदारी नसेल तर कारागिराच्या छातीत जातो. नाव सोडून देणं त्याने परंपरेकडून स्वीकारलं असेल. फुप्फुसं गमवायला त्याला कोणत्याही शास्त्राने सांगितलेलं नाही. करुणेची देवता घरी आणणाऱ्याने मुलामा कसा चढवला, धूर कुठे गेला, हे आधी विचारावं. समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर बिनमुलाम्याची मूर्ती घ्यावी. मापं तीच असतात, आणि ध्यानाला तेवढी पुरतात.