कमीपणाचे सोंग

माणूस स्वतःविषयी खोटे बोलतो ते बहुधा स्वतःला मोठे करून दाखविण्यासाठी, अशी आपली समजूत असते. बढाईखोर माणूस आपण चटकन ओळखतो आणि त्याला हसतोही. स्वतःला मुद्दाम लहान करून सांगणाऱ्याचा मात्र आपल्याला संशय येत नाही. उलट, त्याच्या विनयाचे आपण कौतुकच करतो. या समजुतीला धक्का देणारे एक उदाहरण अमेरिकेतील हौशी टेनिसच्या जगात सापडते. विषय खेळाचा खरा. पण त्यातून उभा राहणारा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे.

युनायटेड स्टेट्स टेनिस असोसिएशन ही संस्था १९८० पासून प्रौढ हौशी खेळाडूंसाठी सांघिक सामने भरवीत आली आहे. नोकरीधंदा आणि मुलेबाळे सांभाळून संध्याकाळी रॅकेट हाती घेणारी लाखो माणसे त्यांत खेळतात. तुल्यबळांचीच गाठ पडावी म्हणून प्रत्येक खेळाडूला एक श्रेणी दिलेली असते. ३.०, ३.५, ४.० अशी ही शिडी अर्ध्या-अर्ध्या पायरीने वर जाते, ७.० म्हणजे जागतिक दर्जाचा व्यावसायिक. नवा खेळाडू आपली श्रेणी स्वतःच ठरवितो. पूर्वी किती खेळलात, महाविद्यालयाच्या संघात होता काय, अशा प्रश्नांची उत्तरे देऊन तो नाव नोंदवितो. पुढे त्याच्या प्रत्येक सामन्याचा हिशेब संगणक शतांशापर्यंत ठेवतो. तो आकडा खेळाडूला दाखवीत नाहीत. वर्षअखेरीस फक्त श्रेणी जाहीर होते. या हिशेबात सामना कोणी जिंकला याला फारसे महत्त्व नसते. अपेक्षेपेक्षा किती गेम जास्त किंवा कमी मिळाले, हे पाहिले जाते. त्यामुळे बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी चिवटपणे झुंजून हरलेल्याचा आकडा वर सरकू शकतो, आणि दुबळ्याशी कसाबसा जिंकलेल्याचा खाली.

मोहाचे मूळ येथेच आहे. स्थानिक विजेता संघ विभागीय स्पर्धेला जातो, असे सतरा विभाग आहेत, आणि तेथून राष्ट्रीय स्पर्धेला. ज्याचा खेळ खरोखर ४.० च्या तोडीचा आहे असा गडी ३.५ च्या संघात मिळाला, तर कोणत्या कर्णधाराला नको असेल? मग नोंदणीच्या वेळी महाविद्यालयातील खेळाचा उल्लेख गाळला जातो. सहज ६-१ असा संपणारा सेट ६-४ असा संपविला जातो. या प्रकाराला तिकडे ‘सँडबॅगिंग’ म्हणतात. आपल्याकडे वयोगटाच्या क्रिकेटमध्ये जन्मतारीख पुढे ढकलण्याचा जो उद्योग चालतो, ज्यापायी क्रिकेट मंडळाला मुलांच्या मनगटाच्या हाडांची तपासणी करावी लागते, त्याचेच हे भावंड. पण वय निदान हाडांवर लिहिलेले असते. कौशल्य जेवढे दाखविले जाईल तेवढेच दिसते.

म्हणून नियम कडक केला गेला. स्वतः श्रेणी ठरविलेल्या खेळाडूचा गुप्त आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे तीनदा गेला की तो त्या श्रेणीतून अपात्र ठरतो. बेसबॉलच्या भाषेत हे तीन ‘स्ट्राइक’. त्याचा हेतू काय होता, हे संगणक विचारीत नाही. जिंकलेला सामनाही प्रसंगी पराभव म्हणून नोंदला जातो आणि त्याचा फटका निरपराध सहकाऱ्यांनाही बसतो.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात बढाई आणि कमीपणाचे सोंग ही सत्याची दोन टोके मानली आहेत. स्पार्टाच्या लोकांसारखा साधा पोशाख मिरविणे हीसुद्धा त्याच्या मते एक प्रकारची बढाईच. संत थॉमस अक्वायनस यांनी हा धागा पुढे नेला. आपल्या ठायी असलेला थोरपणा न सांगणे आणि लहानसहान गोष्टच दाखविणे यात सत्याला बाध येत नाही, असे ते म्हणतात. पण जे आपल्यात आहे ते नाही म्हणून सांगणे हे असत्यच. एरवी बढाई हा अधिक गंभीर दोष. मात्र कमीपणाचे सोंग दुसऱ्याला फसविण्यासाठी घेतले असेल, तर तेच अधिक गंभीर ठरते. वेड पांघरून पेडगावला जाणारा माणूस आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखला आहे.

हा भेद टेनिसच्या मैदानावर अगदी स्पष्ट दिसतो. समोरची बाई नवखी आहे, घाबरली आहे, म्हणून एखाद्याने आपली जोरकस सर्व्हिस आवरती घेतली, तर ते सौजन्य होय. तोच गेम संगणकाच्या हिशेबासाठी सोडला, तर बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कृती सारख्याच दिसतील. मात्र दुसऱ्या कृतीत जो फसविला जातो तो मैदानावर नसतोच. पुढच्या महिन्यात, कदाचित दुसऱ्याच राज्यात, आपल्या बरोबरीचा गडी समजून जो समोर येईल, त्याची ती फसवणूक आहे. तो रजा काढून, स्वतःच्या खर्चाने आलेला असतो. त्याला ६-१, ६-१ असा पराभव घेऊन परतावे लागते, आणि आपण कोठे कमी पडलो याचे खरे उत्तर त्याला मिळत नाही. बक्षीस म्हणून एखादा चषकच मिळतो, मग एवढा बाऊ कशाला, असे म्हणणाऱ्यांनी या माणसाचा विचार करावा.

पण ज्याने कपट केलेच नाही त्याचे काय? एखादी स्त्री चाळिशीत खेळ सुरू करते, प्रामाणिकपणे ३.० अशी नोंद करते, प्रशिक्षक लावते, रोज पहाटे सराव करते आणि चार महिन्यांत तिचा खेळ फुलतो. तीन स्ट्राइक तिच्याही वाट्याला येतात. श्रमाचे हे काय फळ? माझ्या मते येथे नियम चुकलेला नाही. हेतू शोधायला निघालेला नियम शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुजबुजीवर चालू लागेल, आणि ते अधिक वाईट. चुकला आहे तो शब्द. अपात्र म्हणजे लायकी नसलेला, असे आपण समजतो. येथे तर लायकी अधिक झाली म्हणून माणूस अपात्र ठरतो. संगणकाने फक्त मोजमाप दिले. त्यावर चारित्र्याचा निवाडा लोक करतात. प्रतिस्पर्धी संघ तिच्याकडे बोट दाखवितात, आणि कधी स्वतःचा संघही.

शिवाय सगळेच सोंग चषकासाठी असते असे नाही. दर गुरुवारी एकत्र खेळणारा, नंतर एका टेबलाशी बसून जेवणारा आठ-दहा जणांचा मेळ श्रेणी बदलली की तुटतो. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेलेल्या संघाला तर पुढच्या वर्षी त्याच श्रेणीत जसाच्या तसा उतरता येत नाही. वर जा किंवा विखरा, असा तेथे दंडक आहे. मित्रांची ताटातूट नको म्हणून दोन गेम सोडणाऱ्यालाही मी निर्दोष म्हणणार नाही. पण त्याला ठक म्हणायला जीभ रेटत नाही.

वर्षअखेरीस नव्या श्रेण्या जाहीर झाल्या की त्यांविरुद्ध अपील करता येते. वर चढविले गेलेले अनेक जण पुन्हा खाली उतरण्यासाठी अपील करतात. त्याच सोयीने वर जाण्यासाठीही अपील करता येते.