बर्णबाचे नाव दुसरे



धर्मग्रामाचा सण जवळ आला की आपल्याला युवक-युवतींची हमखास आठवण होते. खुर्च्या लावायला, मंडपाला तोरणे बांधायला, गाड्या कुठे उभ्या कराव्यात ते सांगायला. मात्र सण कसा साजरा करायचा, पैसा कशावर खर्चायचा हे ठरवणाऱ्या सभेत ही मुले क्वचितच दिसतात. आणि मग आपणच म्हणतो, आजची तरुण पिढी पुढे येत नाही. येणार कुठे? पुढच्या खुर्च्या तर भरलेल्या आहेत.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आपल्याला संत बर्णबा भेटतो. मूळ नाव योसेफ, सायप्रस बेटावरचा लेवी. लोकांना धीर देणारा म्हणून प्रेषितांनी त्याला हे नाव दिले. शौलाचे परिवर्तन झाले तेव्हा यरुशलेममधले श्रद्धावंत त्याला घाबरत होते. कालपर्यंत आपल्या माणसांना तुरुंगात टाकणाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार? बर्णबाने ठेवला. त्यानेच शौलाला प्रेषितांसमोर नेले. पुढे अंत्युखियाची ख्रिस्तसभा वाढू लागली, तेव्हा तो स्वतः तार्सला गेला, शौलाला शोधून घेऊन आला आणि वर्षभर दोघांनी मिळून लोकांना शिकवले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे एक म्हणणे आमच्या मनात बसले होते: माणूस घरे बांधता बांधताच गवंडी होतो. नेतृत्व शिबिरे जरूर भरवावीत, पण दोन दिवसांच्या शिबिराने त्या एका वर्षाची बरोबरी होत नाही.

आता एक बारीक गोष्ट पाहा. सुरुवातीला लूक 'बर्णबा व शौल' असे लिहितो. तेराव्या अध्यायात, पहिल्याच प्रवासात, हा क्रम बदलतो आणि 'पौल व बर्णबा' होतो. जुना क्रम नंतर कधीमधी येतो, पण मुख्य वक्ता आता पौलच. बर्णबाने कुरकूर केल्याची एकही ओळ सापडत नाही. आपल्याकडे अध्यक्षपद सोडताना किती रुसवेफुगवे होतात, ते सर्वांना ठाऊक आहे!

त्याच प्रवासात योहान मार्क पंफुलियातून परत फिरला. पुढच्या खेपेस त्याला पुन्हा न्यावे असा बर्णबाचा आग्रह. पौलाचा साफ नकार. वाद इतका वाढला की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पौल चुकला असे आम्ही म्हणणार नाही. काम जोखमीचे होते. शिवाय मार्क हा बर्णबाचा नातलग, तेव्हा कोणी पक्षपात म्हटले असते तरी नवल नव्हते. तरीही बर्णबा त्याला घेऊन सायप्रसला गेला. 'प्रेषितांची कृत्ये' पुस्तकात त्यानंतर बर्णबाचे नाव येत नाही. मार्कचे नाव मात्र पुढे भेटते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मार्कला सोबत घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असे कळवले आहे, आणि ते कळवणारा पौलच आहे! दुसरे शुभवर्तमान याच मार्कचे, असे ख्रिस्तसभेची परंपरा सांगते.

संत जॉन बॉस्को यांचीही रीत अशीच होती. १८५९ मध्ये तुरीन शहरात सालेशियन संस्थेचा पाया घातला गेला, तेव्हा त्यांच्याभोवती जमलेले बहुतेक जण त्यांच्याच छायेत वाढलेले तरुण होते. आध्यात्मिक संचालकाची जबाबदारी २२ वर्षांच्या मायकल रुआवर आली. १८८८ मध्ये डॉन बॉस्को प्रभूघरी गेले, आणि संस्थेची धुरा रुआनेच पुढे वाहिली.

आपल्यापुरते म्हणाल तर यंदाच्या सणाचा जमाखर्च दोन तरुणांनी लिहावा. खजिनदारांनी शेजारी बसावे. आकडे जुळले नाहीत तर वही काढून घेऊ नये, पुन्हा बेरीज करायला सांगावी.